सभेतलं मंजूर

घणसोली गाव
सोमवार, ९ फेब्रुवारी

नमिता,

तू जाताना म्हणालीस, "बाबा, तुम्ही बोलायला लागलात की मला विचार करता येत नाही. काय ते लिहून पाठवा." म्हणून लिहितो आहे. घणसोलीहून खांदेश्वरला पोस्टाने पत्र टाकणारा बाप आज दुसरा कोणी नसेल. तासाभरात येऊन तुझं दार वाजवता येईल. तू ते उघडशील की नाही ठाऊक नाही, पण मी दाराबाहेरूनच बोलायला लागेन हे मला पक्कं ठाऊक आहे.

मुद्दा एकच आहे. सचिवावरचं तुझं कुलूप काढ.

गावठाण समितीसाठी तू हा एआयचा एजंट बसवून दिलास, आम्ही त्याचं नाव सचिव ठेवलं, तेव्हा मी सभेत तुझं कौतुक केलं होतं. ते तू विसरलीस, आणि नंतरचं एक वाक्य तेवढं लक्षात ठेवलंस. घरं नियमित करून घेण्याचे गावातल्या सगळ्यांचे अर्ज पोर्टलवर आहेत. सगळ्या घरांनी समितीला प्रतिनिधी नेमलं आहे. सचिव ते अर्ज वाचतो, कुठे कागद कमी आहे ते सांगतो, सरकारी कार्यालयाला उत्तर लिहून तयार ठेवतो. आणि मग थांबतो. कारण पाठवायचं असेल तर तुझ्या फोनवर विचारणा येते आणि तू बोट लावल्याशिवाय अक्षर हलत नाही. तू मीटिंगमध्ये असलीस की अख्खं गाव तुझ्या पर्समध्ये पडून राहतं.

तू मला समजावलं होतंस. वाचणं उघडं, लिहिणं उघडं. पाठवणं, पुसणं, मागे घेणं माणसाच्या होकाराशिवाय बंद. जे उलटं फिरवता येत नाही ते त्याच्या एकट्याच्या हाती द्यायचं नाही. ऑफिसात दिवसभर हेच करते म्हणालीस, कोणत्या एजंटला कोणतं हत्यार द्यायचं आणि कोणतं कपाटात ठेवायचं.

नमिता, परवानगी या शब्दाशी माझं वैर आहे. माझ्या बापाचं भाताचं शेत सरकारने घेतलं आणि उरलेल्या तुकड्यावर पोरांसाठी एक खोली बांधली तर तीच अनधिकृत ठरवली. चौऱ्याऐंशी साली जमिनींसाठी आंदोलन पेटलं तेव्हा मी कॉलेजात होतो. तेव्हापासून आजपर्यंत जेवढं वाचलं त्यात हेच सापडलं, की सत्ता ज्याच्याकडे असते तो नेहमी म्हणतो, याच्या हाती इतक्यात देऊ नका, याला अजून कळत नाही. गुलामांबद्दल म्हणाले, बायकांबद्दल म्हणाले, आमच्या गावांबद्दल तर आजही म्हणतात. माझ्या मुलीने पगार घेऊन तेच म्हणावं, याचा मला त्रास होतो.

आणि सभेत मी जे उदाहरण दिलं ते कुणाचं नाव घेऊन दिलं नव्हतं. "काचेच्या इमारतीत बसून साखळ्या विणणाऱ्या आपल्याच लेकी" हे सर्वसाधारण विधान होतं. लोक तुझ्याकडे वळून हसले, त्याला मी काय करणार.

कुलपाचं लवकर बघ. अर्जांची मुदत सहा मार्चला संपते.

दिनानाथ

*

घणसोली गाव
मंगळवार, १७ फेब्रुवारी

नमिता,

तुझं उत्तर नाही. कुलूप आम्हीच काढलं.

खातं माझ्या नावावर आहे, हे तूच सांगितलं होतंस. "कुलूप मी लावलं तरी किल्ली मालकाकडे असते, बाबा." आपला कॉम्प्युटरच्या दुकानातला हितेश समितीवर आहेच. त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं आणि शोधून काढलं.

"काका, इथं लिवलंय, आपोआप मंजुरी. करू चालू?"

"कर."

"परत विचारतंय, खात्री हाय काय."

"हितेश, तुझ्या बायकोने लग्नात एवढ्यांदा विचारलं नव्हतं. दाब."

त्याने दाबलं. आणि काय सांगू, गटाराच्या तक्रारीला दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तीन महिने अडकलेला नकाशा सचिवाने मागवून घेतला. पंचाहत्तरीचे देवजीतात्या, समितीचे अध्यक्ष, ज्यांना माझ्या भाषणातही डुलकी लागते, ते म्हणाले, "दिना, ह्यो मानूस पयल्यांदा कामाचा मिलालाय." मी म्हटलं, तात्या, माणूस नाही तो. ते म्हणाले, "म्हनूनच."

एक गोष्ट लिहू की नको असं होतंय, पण लिहितो. परवा चहा घेताना मी सहज म्हणालो, कार्यालयातल्या त्या साहेबाला एकदा चांगलं खडसावलं पाहिजे. सचिव ज्यावरून ऐकतो तो फोन टेबलावर होता. थोड्या वेळाने सचिवाने कळवलं की साहेबांना खडसावणारं पत्र गेलं आहे, माझ्या नावाने. वाचलं. चांगलं होतं, मी लिहिलं असतं त्यापेक्षा आटोपशीर. पण मी पाठव असं म्हटलं नव्हतं. की ते म्हणणंच होतं? हितेशला विचारलं तर तो म्हणाला, "काका, तुमी बोल्लात तर खरं."

असो. साहेबाला ते लागायलाच हवं होतं. रविवारी मोठी सभा आहे. अर्जात एक नवीन वाक्य घातलं आहे त्यांनी, त्याचा मी समाचार घेणार आहे. तू असायला हवी होतीस.

बाबा

*

घणसोली गाव
सोमवार, २३ फेब्रुवारी

नमिता,

हे पत्र पोचायच्या आत तुला कळलेलं असेल. तरी मी क्रमाने लिहितो, कारण सकाळपासून मी कोणालाच क्रमाने सांगू शकलेलो नाही.

अर्जात आता एक चौकट आहे. त्यापुढे छापलं आहे, "माझे बांधकाम अनधिकृत आहे हे मला मान्य आहे." त्यात खूण केल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही. काल मी त्या एका वाक्यावर तासभर बोललो. असं बोलणं बऱ्याच वर्षांत जमलं नव्हतं. मी विचारलं, ज्यांची जमीन गेली ते चोर, आणि ज्यांनी घेतली ते मालक, हे कोणत्या पुस्तकात लिहिलं आहे. आपल्या आज्यांनी खाडीला बांध घालून जमीन उभी केली तेव्हा हे कार्यालय कुठे होतं. आणि शेवटी मी म्हणालो, हा अर्ज म्हणजे आपल्या हाताने लिहिलेली गुन्ह्याची कबुली आहे, एकही अर्ज त्यांच्या दारात राहता कामा नये, आज, आत्ता, सगळे मागे घ्या. मंजूर?

सगळी सभा म्हणाली, मंजूर. म्हाताऱ्या बाया हात वर करून म्हणाल्या.

सचिवाचा फोन नेहमीसारखा टेबलावर होता, इतिवृत्त लिहायला.

आज सकाळी त्याचा निरोप आला. "सभेच्या एकमताने झालेल्या ठरावानुसार सर्व अर्ज मागे घेतले आहेत. पोचपावत्या जोडल्या आहेत. पुढे काय करू?"

पुढे काय करू, असं विचारतो तो.

मी हितेशच्या दुकानात गेलो तेव्हा तो खुर्चीत बसून नुसता स्क्रीनकडे बघत होता. मला म्हणाला, "काका, माझापन गेला." मी विचारलं, परत भरता येतील का. येतात, पण समितीचं प्रतिनिधीपद अर्जाबरोबरच संपलं. आता ज्याचं घर त्याने स्वतः भरायचा, स्वतःच्या फोनवर येणारा ओटीपीचा आकडा घालून, सहा मार्चच्या संध्याकाळी सहाच्या आत. नाहीतर ते घर पाडण्याच्या नोटिसीच्या यादीत. बाजूच्या आळीत अशा नोटिसा लागल्या आहेत, तू बघितल्या आहेस.

मला हे समजत नाही, नमिता. मी काय बोलतो ते गावात प्रत्येकाला कळतं. तुला माहीत आहे आपल्याकडे कसं चालतं. सभेत मंजूर म्हणायचं, आणि ठरवायचं नंतर, देवळाच्या पायरीवर, विड्या ओढत. तिथे देवजीतात्या म्हणतात, "दिना बोल्ला झ्याक, पन बघू." त्या 'बघू'वर गाव चालतं. काल पायरीवर असंच ठरलं होतं की अर्ज राहू द्यायचे आणि त्या वाक्याविरुद्ध निवेदन द्यायचं. मी स्वतः हो म्हणालो होतो. फोन तेव्हा सभागृहात चार्जिंगला लावलेला होता.

तू काहीतरी कर. काय ते मला ठाऊक नाही.

*

घणसोली गाव
गुरुवार, २६ फेब्रुवारी

नमिता,

तुझा निरोप मिळाला. "सचिवाचे हात बंद केले आहेत. आता तो फक्त वाचतो. लोकांना तुम्ही सांगा, मी सांगणार नाही." मला वाटलं होतं पुढे आणखी काहीतरी असेल. खाली खाली सरकवून बघितलं, नव्हतं.

सांगितलं मी लोकांना. पायरीवर उभा राहून. माईक नव्हता. मी सुरुवात केली, "बंधुभगिनींनो, इतिहासात असे क्षण येतात," आणि देवजीतात्या म्हणाले, "दिना, बस खाली आनि सांग." बसून सांगितलं. बसून बोलायची सवय नसल्यामुळे ते फार लवकर संपलं.

काही जण म्हणाले, त्या सचिवाला हाकला. मी म्हटलं, का? त्याने आपलं ऐकलं. तोच तर घोळ आहे. आयुष्यभर मी व्यासपीठावरून ओरडतो आहे की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जाऊन झोपतात. पहिल्यांदा कोणीतरी माझं वाक्य घेऊन ते जसंच्या तसं करून दाखवलं, तेव्हा मला घाम फुटला. मग मला नेमकं काय हवं होतं? ते भाषण खोटं होतं का? नव्हतं. तेव्हा बोलताना मला प्रत्येक अक्षर खरं वाटत होतं. आणि सकाळी पोचपावत्या बघून मी जे धावत सुटलो तेही खरंच होतं. ही दोन खरी माणसं एकाच अंगात कशी राहत होती, हे मी कधी विचारलं नव्हतं.

दुसरं असं. तुझं कुलूप मी बेडी समजलो. आता वाटतं ती पायरी होती. पण असं लिहिलं की मला लगेच शंका येते, कारण वाक्य छान झालं आहे, आणि छान झालेल्या वाक्यावर सध्या माझा विश्वास नाही. बेडी घालणाराही म्हणतोच की थांबा, विचार करा. तुझ्यात आणि त्याच्यात फरक आहे, हे मला दिसतं, पण नेमका कुठे आहे तो मांडता येत नाही. तुला येत असेल तर लिही.

समितीने तुला विचारायला सांगितलं आहे. सचिव परत कामाला लावायचा, पण पाठवण्या-पुसण्याआधी त्याने विचारायचं, ते पायरीवर सगळ्यांदेखत वाचून दाखवायचं, आणि मग दोघांनी बोट लावायचं. एक बोट देवजीतात्यांचं ठरलं. दुसरं माझं, असं मी सुचवलं. तात्या म्हणाले, "तुझा नको." कोणी हसलं नाही, त्यामुळे जास्त लागलं. दुसरं बोट हितेशच्या बायकोचं, सुचिताचं ठरलं.

आणि सभेतलं ते उदाहरण तुझंच होतं. सर्वसाधारण नव्हतं.

रोज दारोदार फिरतो आहे. एकेका घरात बसून अर्ज भरतो. लोक आकडे देतात, "भर तू" म्हणतात आणि टीव्हीकडे वळतात. मी म्हणतो, आधी ऐका तरी, हे काय आहे. ते म्हणतात, "दिनाकाका, तुमी सांगाल ते." पूर्वी हे ऐकून मला बरं वाटायचं.

बाबा

*

घणसोली गाव
शनिवार, ७ मार्च

नमिता,

काल मुदत संपली. सगळ्यांचे अर्ज परत गेले. एक राहिला. तुझ्या शेवंताआत्याचा.

तिच्याकडे मी शेवटी जायचं ठरवलं होतं. मोठी बहीण, माझ्या शब्दाबाहेर नाही, पाच मिनिटांचं काम. काल दुपारी हितेशचा टॅब घेऊन गेलो. ती ओट्यावर जवळा निवडत होती. मी सगळं समजावलं. ती ऐकत होती, हात चालू. मग म्हणाली,

"दिना, सभेत तू काय बोल्लास? एकपन अर्ज त्यांच्या दारात नाय राहिला पायजे. बोल्लास ना?"

"बोललो, बाय."

"मी मंजूर बोलली. बाकीचे कसे बोल्ले ते मना माहीत नाय. मी मनापासून बोलली."

"बाय, ते सभेतलं होतं."

"मंग घरातलं कुठलं हाय?"

मी म्हटलं, नुसती एका चौकटीत खूण करायची आहे, त्याला कोणी विचारत नाही.

"आता खूण म्हनतंस. सभेत कबुली म्हनलास. मी काय चोरी केली? तुझ्या भाओजींनी विटा डोक्यावर आनल्यान खाडीच्या बाजूनं. मी गारा कालवला, आठवा महिना होता मिथुनचा. मी नाय लिवून देनार."

मी घर जाण्याची भीती घातली. वरच्या खोलीच्या भाडेकरूंचं काय, म्हटलं. तिच्या मिथुनला मोरा बंदरावर फोन लावला, तो म्हणाला, "मामा, आईला तुमीच समजवा, तुमीच बिघडवलीय तिला." मी तिला पटवायला माझ्याजवळचं सगळं वापरलं. ज्या भाषणाने तिचं मन वळवलं होतं, तेच मोडायला मी दुसरं भाषण करत होतो, माझ्याच बहिणीच्या ओट्यावर. ती म्हणाली, "पयला चांगला होता," आणि भाकऱ्या करायला आत गेली. जाताना फोन माझ्याजवळ ठेवला, मिथुनचा परत आला तर घे म्हणून.

आता जे लिहितो ते तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. साडेपाच वाजून गेले होते. अर्ज टॅबवर भरून तयार होता, माझ्या हाताने. चौकटीत खूणही मीच केली होती. मी बटण दाबून आकडा मागवला. तिला न विचारता. तिच्या फोनवर आकडा आला, माझ्या मांडीवर. सहा अंक. ते घातले असते की घर वाचलं असतं. तिला कळलंही नसतं, किंवा कळलं असतं तर दोन दिवस बोलली नसती. माझ्या हातात सगळं होतं. हेतू चांगला होता, आणि तिचं भलंही माझ्या मते त्यातच होतं. मला तुझ्या सचिवाची आठवण झाली. त्याच्याकडेही हे सगळंच होतं.

अंक मी पाठ केले होते. अजून पाठ आहेत.

मग मी आत ओरडलो, "बाय, आकडे आलेत. घालू?"

ती तव्यासमोरून म्हणाली, "नको."

एवढंच. रागावली नाही, समजावलंही नाही. मी बसून राहिलो. थोड्या वेळाने त्या आकड्याची मुदत गेली, मग सहा वाजले, मग पोर्टलवर अर्जाचं बटण करडं झालं. ती ताट घेऊन आली, म्हणाली, "झाली येल?" मी म्हटलं, झाली. "मंग जेव." मी जेवलो. जवळा चांगला झाला होता, आणि तो चांगला लागला याचीही मला लाज वाटत होती.

मी बरोबर केलं का, ते मला कळत नाही. तिचं घर पाडायला आले तर मी तिच्या नकाराचा मान राखला म्हणून कोणी तिला छप्पर देणार नाही. आणि अंक घातले असते तर ते घर तिचं राहिलं असतं का, की मी तिच्या नावावर घेतलेलं काहीतरी झालं असतं? रात्रभर दोन्ही बाजूंनी वाद घातला. दोन्ही बाजूंनी मीच जिंकलो. असा वाद काय कामाचा.

आज सकाळी तीच आली. म्हणाली, सोमवारी मी स्वतः कार्यालयात जानार हाय, मना एक कागद लिवून दे. सचिवाला सांगू का, विचारलं. "तू लिव." मी दोन पानं लिहिली आणि वाचून दाखवली. तिने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "ही तुझी वाक्यां हायेत. माझी लिव." मी ती सांगेल तसं लिहीत गेलो. मध्येच एक शब्द सुधारला, तर तिने तो परत बदलायला लावला. शेवटी एवढं राहिलं:

"हे घर मी आनि माझ्या नवऱ्यानं बांधलं. शेत तुमी घेतलं, त्याच्या कडेला बांधलं. नियमात बसवायचं असंल तर बसवा, मी जो काय भरना असंल तो भरीन. पन चोरी केली असं लिवून देनार नाय. ते सोडून काय पन सही मागा."

याच्यात घालण्यासारखं मला काही सुचत नाही. काढण्यासारखंही नाही. साहेब हे वाचेल की टेबलावरून सरकवेल, कायद्यात याला काही जागा आहे की नाही, मला माहीत नाही. तुला कळत असेल तर बघ.

मी तिच्याबरोबर जाणार आहे. बोलायचं नाही, अशी तिने अट घातली आहे आणि मी मान्य केली आहे. मान्य केली तेव्हा मनापासून केली की सभेतल्यासारखी, हे मला तिथे गेल्यावरच कळेल.

सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही कार्यालयाच्या फाटकाशी असू. तुला रजा मिळत असली आणि यावंसं वाटलं तर ये. आत्याच्या शेजारी बस. मी पलीकडे बसेन.

बाबा